कैरीचा तिखट साल्सा बाटलीबंद करायचाय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

आधीच सांगून ठेवते, हे लोणचं नाहीये. दिसायला लोणचं आणि मेथांबा यांच्या मधलं काहीतरी दिसतं, वासही जवळपास तसाच, आणि म्हणूनच आपल्या लोकांची इथे गडबड होते. लोणचं घालणारा हात अंदाजाने चालतो, पण या प्रकारात अंदाजपंचे दाहोदरसे केलं की अख्खी बॅच वाया.

माझी गेली होती ना. मी न्यू जर्सीत राहते, पहिल्या वर्षी सेलमध्ये आंब्याची अख्खी पेटी मिळाली, पिकलेले गोड आंबे, मी खूश. रेसिपी समोर होती पण व्हिनेगरचा आकडा बघून म्हटलं एवढं आंबट कोण खाणार, निम्मं केलं. कांदा आवडतो म्हणून दुप्पट. आणि शेवटी हात शिवशिवला म्हणून वरून मोहरी-हिंगाची फोडणी. सहा बरण्या ओट्यावर रांगेत, फोटोबिटो काढून झाले, आणि रात्री झोपायच्या आधी नियम वाचायला घेतले, जे खरं तर सकाळी वाचायचे असतात. मग उठून सहाच्या सहा बरण्या फ्रिजमध्ये, आणि पुढचा आठवडाभर घरात सकाळ-संध्याकाळ साल्सा. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा एवढा पसारा लिहितेय.

साल्सा म्हणजे स्पॅनिशमध्ये नुसतं सॉस. मेक्सिकोत तो ताजा ताजा करून खातात, आपल्या ठेच्यासारखा, आणि तिथे रस्त्यावर कच्चा आंबा तिखट, मीठ, लिंबू लावून मिळतो म्हणजे बघा, शाळेबाहेरची कैरीच की. पण फळांचा साल्सा काचेच्या बरणीत भरून, उकळत्या पाण्यात ठेवून वर्षभर कपाटात टिकवायचा, हा उद्योग अमेरिकेतल्या घरांचा. त्याला कॅनिंग म्हणतात, डबा वगैरे काही नसतो, बरणीच असते. पीचचा करतात, क्रॅनबेरीचा करतात, आणि आंब्याचा करतात. जॉर्जिया विद्यापीठात नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्वेशन म्हणून केंद्र आहे, घरगुती कॅनिंगच्या तपासून पाहिलेल्या रेसिप्या त्यांच्याकडे असतात, आणि त्यांच्या आंबा साल्सामध्ये आंबा कोणता तर कडक, हिरवा, न पिकलेला. म्हणजे चक्क कैरी! मी त्या रेसिपीवरच आले आणि तीच खाली देतेय.

एवढं व्हिनेगर का

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी सामान बघून पहिला प्रश्न विचारला, "अगं, यात मीठच नाही?" बरोबर प्रश्न होता. लोणचं टिकतं ते भरपूर मिठाने, कैरीच्या स्वतःच्या आंबटपणाने आणि वर तेलाच्या थराने. साल्सात मीठही नाही आणि तेलही नाही, उलट कांदा, लसूण, आलं, ढोबळी मिरची असा सगळा बिनआंबट ऐवज आहे. त्याला सांभाळणार फक्त व्हिनेगर.

सांभाळायचं कुणापासून, तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूपासून. हा मातीत असतो, त्याचे बीजाणू भाजीबरोबर घरात येतात आणि १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. एरवी काही करत नाहीत ते, पण जिथे हवा नाही, ओल आहे, आंबटपणा कमी आहे आणि खोलीचं तापमान आहे तिथे ते जागे होतात आणि विष तयार करतात, आणि ते विष जिवावर बेतणारं असतं. आता सील केलेली बरणी कपाटात ठेवली म्हणजे हवा नाही, ओल आहे, तापमान आहे. राहिला आंबटपणा, तेवढाच आपल्या हातात. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. तो ४.६ किंवा त्याच्या खाली असेल तर हा जंतू वाढत नाही, आणि घोळ असा की तो वाढलाय की नाही हे वासावरून, रंगावरून कळेलच असं नाही. म्हणून व्हिनेगर कमी करायचं नाही. आंबट वाटलं तर साखर वाढवा, व्हिनेगरला हात लावू नका.

कुणीतरी विचारणारच की मग कुकरला चार शिट्ट्या दिल्या तर? नाही. कमी आंबट पदार्थांसाठी प्रेशर कॅनर नावाचं वेगळं भांडं असतं, त्यात ११६ अंशांच्या आसपास तापमान नेतात आणि दाब मोजून वेळ धरतात, आपला घरचा कुकर ते काम करत नाही. आणि आपल्याला त्याची गरजही नाही, आंबट साल्साला उकळतं पाणी पुरतं.

सामान

यात साधारण २४० मिलीच्या, म्हणजे ८ औंसाच्या सहा बरण्या होतात. कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप, आमटीची वाटी नव्हे.

कैरीच्या फोडी ६ कप (मोठ्या ३ ते ४ कैऱ्या)
लाल ढोबळी मिरचीचे तुकडे दीड कप
पिवळा कांदा बारीक चिरून अर्धा कप
लाल मिरचीचे फ्लेक्स अर्धा टीस्पून
लसूण बारीक चिरून २ टीस्पून
आलं बारीक चिरून २ टीस्पून
फिकी ब्राऊन शुगर १ कप
अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, ५ टक्केवालं, सव्वा कप
पाणी अर्धा कप

अर्धा टीस्पून फ्लेक्स वाचून हसलात ना? मीही हसले होते. आपल्या जिभेला ते कळणारही नाही. पण तिखट वाढवायला दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चालतात. एक, कोरडे फ्लेक्स वाढवा, कोरड्या मसाल्याने आंबटपणाचं गणित बिघडत नाही, मी २ टीस्पून घालते. दोन, त्या दीड कप ढोबळीतला काही भाग काढून तेवढ्याच मापाची तिखट मिरची घाला, हालापिन्यो, सेरानो, किंवा हिंमत असेल तर आपली लवंगी. पण माप तेवढंच राहिलं पाहिजे, दीड कप ढोबळी अधिक अर्धा कप मिरची असं करायचं नाही. कांदा, लसूण, आलं यांचंही तेच, कमी चालेल, जास्त नाही. थोडे भरडलेले जिरे घातलेत तर छान लागतं. व्हिनेगरच्या जागी तेवढाच बाटलीतला लिंबाचा रस चालतो, झाडावरचं लिंबू पिळून नाही, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा असतो आणि बाटलीतला ठरावीक असतो.

चालत नाही ते म्हणजे फोडणी. जीव जळतो माझाही, पण तेल घातलं की ते बरणीच्या काठाला लागून सील बिघडवू शकतं, शिवाय उष्णता आत शिरायला अडथळा होतो. कॉर्नफ्लोअर घालून दाट करणं नाही, मिक्सरमधून काढणं नाही, याचंही कारण उष्णताच. घट्ट लगदा आतपर्यंत तापायला जास्त वेळ घेतो आणि आपली मिनिटं फोडींच्या साल्सासाठी मोजलेली आहेत. कोथिंबीर खाताना घाला, उकळून तिचं तसंही काही उरत नाही.

व्हिनेगरचं लेबल वाचा, हे भारतात करणाऱ्यांनी तर नक्की वाचा. तिकडे साधं पांढरं व्हिनेगर बरेचदा ४ टक्के असतं, आपल्याला ५ पाहिजे. ४ टक्केवालं थोडं जास्त घालून भागवू असा विचार करू नका, सगळंच पातळ होतं आणि माप कोलमडतं.

कैरी घेताना रंगावर जाऊ नका. अमेरिकन दुकानात टॉमी अ‍ॅटकिन्स जातीचे आंबे असतात, ते पिकले तरी हिरवे दिसू शकतात आणि कच्चे असले तरी गालावर लाली असते. दाबून बघा, दगडासारखा पाहिजे. देसी दुकानात कैरी म्हणूनच मिळते ती सगळ्यात बरी, आणि महाराष्ट्रात असाल तर लोणच्याची राजापुरी घ्या, प्रश्नच मिटला. हापूस मात्र कापू नका हो यासाठी, २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, विकिरण, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा करून तो इथवर येतो, तो आमरसालाच राहू द्या.

भांडी

बरणी म्हणजे मेसन जार. १८५८ साली जॉन मेसनने आट्यांच्या तोंडाच्या बरणीचं पेटंट घेतलं तेव्हापासून नाव तेच चालू आहे. झाकण दोन भागांचं असतं, एक पातळ चकती, जिच्या खालच्या कडेला रबरासारखा थर असतो, आणि एक नुसती रिंग. रिंग वर्षानुवर्षं वापरा, चकती एकदाच. जामच्या रिकाम्या बाटल्या आणि नुसत्या दिसायला मेसनसारख्या शोभेच्या बाटल्या नकोत, तडकतात. दोन भागांची झाकणं मिळत नसतील तर बाटलीबंद करायचा नाद सोडा, साल्सा करा आणि फ्रिजमध्ये ठेवून संपवा, चवीत काही फरक नाही.

दुसरं, एक उंच पातेलं, बरण्या आत उभ्या ठेवून झाकणाच्या वर किमान एक इंच पाणी आलं पाहिजे आणि उकळताना उसळायला अजून जागा पाहिजे एवढं उंच. तळाला जाळी पाहिजेच, बरणी थेट तळावर बसली की तडकू शकते. मी मोदकपात्रातली भोकांची चाळण वापरते. बरणी उचलायला खास चिमटा मिळतो, तो घ्याच, आपली सांडशी काचेवर सटकते. आणि साल्सा शिजवायला स्टीलचं भांडं, हिंडालियम, पितळ, लोखंड नको, व्हिनेगर आहे.

कापणं आणि शिजवणं

कैरीला हात लावण्याआधी ग्लोव्हज घाला. बिब्बा उततो हे आपल्याला माहीत असतं, पण आंबा, काजू, बिब्बा आणि अमेरिकेतली पॉयझन आयव्ही ही सगळी एकाच कुळातली आहेत आणि काही लोकांना कैरीचा चीकही तसाच उततो. देठाजवळचा चीक आधी पुसून काढा, मग धुवा. शिवाय पुढे मिरची चिरायचीच आहे, म्हणजे ग्लोव्हजचा दुहेरी फायदा, मिरचीच्या हाताने डोळा चोळल्यावर काय होतं ते मी वेगळं सांगत नाही.

साल काढा, अर्ध्या इंचाच्या फोडी करा, ढोबळीही तेवढीच. सगळ्या फोडी साधारण सारख्या पाहिजेत, लोणच्यासारख्या मोठ्या ठेवू नका. मग मापा. आधी कैऱ्या मोजून नाही, फोडी करून कपाने.

कापायला लागायच्या आधीच उंच पातेल्यात पाणी तापत ठेवायचं आणि साबणाने धुतलेल्या बरण्या त्यात गरम होत ठेवायच्या. आपण पुढे १० मिनिटं किंवा जास्त उकळणार आहोत म्हणून बरण्या वेगळ्या निर्जंतुक करायची गरज नाही, पण गरम पाहिजेतच. गार बरणीत उकळता साल्सा ओतला की टक्क आवाज येतो आणि बुड सुटून हातात येतं, हे मी स्वतः ऐकलंय आणि नंतर अर्धा तास ओटा पुसलाय.

शिजवणं सगळ्यात सोपं. सगळं सामान एकदम भांड्यात, मोठी आच, ढवळत राहा म्हणजे साखर विरघळेल, उकळी आली की आच कमी करून ५ मिनिटं. बास. जास्त शिजवलं की फोडींचा मुरांबा होतो. या वेळी घरभर व्हिनेगरचा भपकारा सुटतो, खिडकी उघडा, आणि आत्ता चाखून घाबरू नका, बरणीत दोन-तीन आठवडे मुरल्यावर ती धार कमी होते.

भरणं आणि उकळणं

एकेक बरणी बाहेर काढा, पाणी ओतून टाका, आधी झाऱ्याने फोडी भरा, मग वरून गरम रस घाला, आणि वर अर्धा इंच जागा मोकळी सोडा. पट्टीने मोजा सुरुवातीला, खरंच. काठोकाठ भरलं तर उकळताना रस बाहेर येऊन काठावर बसतो आणि सील लागत नाही, फार कमी भरलं तर आतली सगळी हवा बाहेर जात नाही. प्लास्टिकची पट्टी किंवा चॉपस्टिक कडेने फिरवून अडकलेले बुडबुडे काढा, सुरी नको, काचेला चरे पडतात. बुडबुडे गेले की पातळी खाली जाते, मग थोडा रस अजून. मग ओल्या पेपर टॉवेलने बरणीचा काठ पुसा. हा एक मिनिटाचा प्रकार आळस करून सोडला तर चिकट काठावर चकती बसत नाही आणि बाकीची सगळी मेहनत पाण्यात. चकती ठेवा, रिंग बोटांच्या टोकांनी बसेल एवढीच आवळा. पैलवानी दाखवायची नाही, आतली हवा बाहेर जायला वाट पाहिजे.

बरण्या पातेल्यात उभ्या सोडा, पाणी झाकणांच्या वर एक इंच आहे ना बघा, नसेल तर उकळतं पाणी घाला, वर झाकण ठेवा. आता घड्याळ कधी लावायचं? बरण्या आत सोडल्यावर पाणी थंडावतं, ते परत खळखळून उकळायला लागलं की मग. मधेच उकळी बसली तर परत उकळी आणून वेळ पहिल्यापासून मोजायची, उरलेली चार मिनिटं धरली असं नाही चालत.

आणि किती मिनिटं, हे तुम्ही कुठे राहता त्यावर. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंत १० मिनिटं, १,००१ ते ६,००० फूट १५ मिनिटं, त्याच्या वर २० मिनिटं. कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, खळखळ तीच दिसते पण तेवढं गरम नसतं. माझ्याकडे १० पुरतात, माझी ताई डेन्व्हरला आहे, ५,२८० फूट, तिला १५. मुंबई, रत्नागिरी, पणजी १० मिनिटं. पुणं साधारण ५६० मीटर म्हणजे १,८०० फुटांच्या पुढे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून १५. नाशिक, कोल्हापूर पण १५. नागपूर साधारण ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांच्या अगदी काठावर, तिथे १५च धरा, पाच मिनिटांसाठी वाद नको. हे आकडे अर्ध्या पाइंटच्या म्हणजे त्याच २४० मिलीच्या बरणीचे आहेत, मोठ्या बरणीत भरू नका.

वेळ झाली की गॅस बंद, झाकण काढा, ५ मिनिटं तशाच राहू द्या, एकदम बाहेर काढल्या की रस उसळून बाहेर येतो. मग चिमट्याने सरळ उभ्या उचला, तिरकी करून वरचं पाणी सांडायचं नाही, ते आपोआप वाळतं. जाड टॉवेलवर एकमेकींपासून इंचभर लांब ठेवा, पंख्याखाली नको. आणि आता हात लावू नका. थोड्या वेळाने टिंग असा आवाज येईल, चकती आत ओढली गेली त्याचा, मग दुसरी, मग तिसरी. आमच्याकडे पोरं सहा टिंग मोजत बसतात, एकदा पाचच आले तर सगळ्यांना चैन पडेना, सहावी बरणी सकाळी बघितली तर गुपचूप सील झालेली होती.

दुसऱ्या दिवशी

१२ ते २४ तासांनी चकतीच्या मध्यावर बोट दाबा. हलली नाही, टकटक झाली नाही म्हणजे सील. खालीवर होत असेल तर सील नाही, ती बरणी सरळ फ्रिजमध्ये टाका आणि आधी ती खा. (२४ तासांच्या आत नवीन चकती लावून परत उकळता येतं, पण एका बरणीसाठी एवढं पातेलं कोण तापवणार, आणि फोडी गाळ होतात.) सील झालेल्यांच्या रिंगा काढून टाका, रिंगखाली ओल राहिली की गंज धरतो, शिवाय पुढे सील सुटलं तर रिंगमुळे ते कळत नाही. बरणी पुसून तारीख लिहा, मला लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. गार, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा, गॅसच्या वरचं कपाट नको. वर्षभरात संपवा.

उघडताना झाकण फुगलंय, सील आपोआप सुटलंय, उघडल्यावर फस्सकन रस उडाला, बुरशी दिसली, असं काहीही असेल तर चाखून बघायचं नाही, बोट बुडवूनसुद्धा नाही, टाकून द्यायचं. चांगली बरणी चकती उचकटताना छोटासा हवेचा आवाज करते आणि वास येतो तो कैरीचा आणि आल्याचा. उघडल्यावर फ्रिजमध्ये.

चिप्सबरोबर खातातच सगळे, पण तळलेल्या बोंबलाबरोबर खाऊन बघा, साबुदाणा वड्याबरोबर खाऊन बघा. सासूबाई थालीपिठाबरोबर खातात, आणि खाताना वाटीत काढून घेऊन त्यावर कढल्यात गरम तेलाची मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी ओततात, वर चिमूटभर मीठ. तेव्हा घाला की, वाटीत कोण अडवतंय.